आपल्या सगळ्यांचा १ जून



स्मरणिकेच्या मंडळींनी माझ्यावर दोन कामं सोपवली. पहिलं, तुकडीतल्या सगळ्यांची यादी संगणकावर नीट लावून देणं. दुसरं, शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाचा इतिहास लिहिणं, कारण मीही त्या संघात होते, राखीव का असेना. पहिलं काम मला एका संध्याकाळचं वाटलं. नाव, गाव, फोन, जन्मतारीख. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याचा वाढदिवस असेल त्याला सकाळी सात वाजता आपोआप शुभेच्छा जाव्यात, एवढाच छोटा प्रोग्राम लिहायचा होता. शाळेने जनरल रजिस्टर दाखवलं, त्यावरून तारखा उतरवल्या, प्रोग्राम चालवून पाहिला आणि वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. ६१ जणांपैकी ४३ जणांना शुभेच्छा एकाच दिवशी जात होत्या. १ जून.

तुम्हाला एव्हाना हसू आलं असेल. मलाही आलं. मग मी खो-खोच्या संघाची यादी वेगळी काढली. १९९२ च्या आमच्या संघात बारा जणी होत्या. त्यातल्या नऊ जणी १ जूनच्या. तिथे मात्र माझं हसू थांबलं, कारण त्या नवातल्या एकीची गोष्ट मला माहीत होती. म्हणून दोन्ही कामं मी एकाच लेखात करते आहे. हा आपल्या संघाचा इतिहास आहे आणि आपल्या वाढदिवसांचाही.

पुण्यात मी ज्या कंपनीत काम करते तिथे आमच्या गटात एक अमेरिकन सहकारी आहे. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. रोजच्या बैठकीच्या सुरुवातीला तो त्याच्या लाडक्या बेसबॉल संघातल्या कुणाचा आज वाढदिवस आहे ते सांगतो. आजचे खेळाडू, पन्नास वर्षांपूर्वीचे खेळाडू, एवढंच नाही तर अजून मुख्य संघात न पोहोचलेली, खालच्या संघांतून घडत असलेली पोरंसुद्धा. मला सुरुवातीला हे खूळ वाटायचं. नंतर लक्षात आलं की खेळाडूंच्या वाढदिवसांतून त्या संघाचा सगळा इतिहास त्याला तोंडपाठ झाला आहे. एकदा त्याने विचारलं, "तुमच्याकडे असं काही असतं का?"

असतं की! खाशाबा जाधव १५ जानेवारी १९२६ चे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि जानेवारी २०२६ म्हणजे त्यांच्या जन्माची १०० वर्षं. त्यांच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारीला, दि. ब. देवधरांचा वाढदिवस. १८९२ सालचे, पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक, शंभरी ओलांडून १९९३ साली गेले. सुनील गावसकर १० जुलै १९४९, सचिन तेंडुलकर २४ एप्रिल १९७३. सचिनची तारीख इतकी पक्की की कराचीत पहिल्या कसोटीला उतरला तेव्हा तो १६ वर्षं २०५ दिवसांचा होता, असा हिशेब दिवसापर्यंत लावता येतो.

आपल्या बीड जिल्ह्याचीही यादी आता लहान नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे १३ सप्टेंबर १९९४ चा. बर्मिंगहॅमला २०२२ साली ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आपण दहावीचा निकाल घेऊन शाळेतून बाहेर पडलो, त्यानंतर तीनच महिन्यांनी तो जन्मला. बीडचा सचिन धस ३ फेब्रुवारी २००५ चा. वडिलांनी त्याचं नाव तेंडुलकरवरून ठेवलं. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याने नेपाळविरुद्ध ११६ धावा केल्या त्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आणि चारच दिवसांनी उपान्त्य सामन्यात ९६. आणि आपल्या खो-खोची प्रियांका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा कप्तान तीच होती. त्या रात्री आपल्या ग्रुपवर किती फटाके फुटले ते आठवत असेल.

१ जूनचेही मोठे खेळाडू आहेत. सिडनी ऑलिंपिकमध्ये वजन उचलून पदक मिळवणारी करनाम मल्लेश्वरी १ जून १९७५ ची आणि यष्टिरक्षक दिनेश कार्तिक १ जून १९८५ चा. आपल्या लाडक्या एसटीचा जन्मही १ जून १९४८ चा, पुणे ते अहमदनगर. पण एका वर्गात ४३ जण एकाच तारखेला जन्मत नाहीत. ती तारीख आपल्याला शाळेने दिली.

का दिली, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. दिंद्रुड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. सरकारी कागदांवर फसली सन चालायचा. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी. माझ्या आजोबांच्या कागदावर जन्माचं साल १३४४ फसली असं लिहिलेलं आहे. इसवी सन काढायचा तर त्यात ५९० मिळवायचे, आणि जानेवारी लागला असेल तर ५९१. म्हणजे आजोबा १९३४ चे किंवा १९३५ चे. घरात मात्र त्यांचा जन्म 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' एवढाच ठाऊक होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावर तीन कालगणना होत्या. कचेरीची फसली, घरातली पंचांगाची आणि पोलीस कारवाईनंतर आलेली इंग्रजी. तिन्हींचा मेळ घालायला कुणाला सवड होती?

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा एकच कायदा आला १९६९ साली. त्यात एक साधी अट आहे. जन्म जिथे होईल तिथे त्याची नोंद करायची. अट वाचायला सरळ आहे, पण आपल्या भागातून दर साली दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लेकरू जन्मतं ते सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडावर, पाचटाच्या कोपीत. त्या गावचा ग्रामसेवक यांना ओळखत नाही, यांना ते गाव ओळखीचं नाही. आठ-पंधरा दिवसांत टोळी पुढच्या फडावर. मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर दिंद्रुडच्या ग्रामपंचायतीत नोंद होत नाही, कारण जन्म इथला नाही. वर्ष उलटून गेलं की न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागायचा. कोण जाणार माजलगावच्या कोर्टात, एका पोरीच्या जन्मतारखेसाठी?

मग जूनमध्ये शाळा भरायची. गुरुजी वस्तीवर यायचे, पोरांना रांगेत उभं करायचे आणि म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून घे अन् डावा कान धर." कान हाताला लागला की पहिलीत. न लागला की पुढच्या साली. ज्याचा कान लागला त्याचं वय सहा पूर्ण, म्हणजे जन्म सहा वर्षांपूर्वीच्या १ जूनचा. रजिस्टरमध्ये रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. गुरुजनहो, मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही दाखल्याचा आग्रह धरून बसला असतात तर आपल्यातली निम्मी पोरं शाळेत आलीच नसती. तारीख खोटी होती, पण शाळा खरी होती. पुढे यातून गमतीही झाल्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून महाराष्ट्रात ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस झाला आहे. आपल्यातले जे मास्तर, तलाठी, पोलीस झाले, ते सगळे जूनची पहिली सकाळ घरी चहा पीत काढणार आहेत.

पण खेळात या तारखेची गंमत राहत नाही. खेळात वयोगट असतात आणि वयोगटाला एक रेघ असते. रेघेच्या अलीकडे जन्मलेला आत, पलीकडचा बाहेर. ही रेघ किती ताकदीची असते ते जगाने नीट मोजलं आहे. कॅनडात आइस हॉकीसाठी रेघ १ जानेवारीची. १९८०च्या दशकात तिथल्या संशोधकांना दिसलं की वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं फार आणि वर्षअखेरची फार थोडी. कारण उघड आहे. एकाच गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तो दांडगा दिसतो, निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो आणि तो खरंच चांगला होतो. अमेरिकेत शाळकरी बेसबॉलची रेघ बरीच वर्षं ३१ जुलैची होती. तिथल्या मोठ्या खेळाडूंत ऑगस्टमध्ये जन्मलेले जास्त आणि जुलैचे कमी, असं आढळलं. माझ्या सहकाऱ्याच्या वाढदिवसांच्या यादीत ऑगस्ट महिना गजबजलेला का असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानेच मला डोमिनिकन रिपब्लिकविषयी सांगितलं. कॅरिबियन समुद्रातला छोटा देश, उसाचा. तिथलं सान पेद्रो दे माकोरीस हे साखर कारखान्यांचं शहर. त्या उसाच्या पट्ट्यातून अमेरिकेच्या बेसबॉलला अनेक नामवंत खेळाडू मिळाले. सॅमी सोसा तिथलाच. ऊस, गरिबी आणि नोंद नसलेले जन्म, हे ऐकताना मला तेलगावच्या कारखान्याचा भोंगाच ऐकू आला. फक्त तिथे उलटं घडलं. चांगला करार सोळा-सतराच्या पोराला मिळतो, म्हणून काहींनी वय कमी लिहिलं. २००१ साली डॅनी अल्माँटे नावाच्या मुलाने न्यूयॉर्कच्या संघाकडून बारा वर्षांखालच्यांच्या स्पर्धेत भल्याभल्यांना भोपळा दिला. मग मायदेशातली नोंद सापडली, जन्म १९८९ चा नव्हे, १९८७ चा. मिगेल तेहादा या मोठ्या खेळाडूने २००८ मध्ये कबूल केलं की आपण कागदापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहोत. आपल्या शेजारी शाहिद आफ्रिदी १९९६ मध्ये ३७ चेंडूंत शतक ठोकणारा सोळा वर्षांचा पोरगा म्हणून गाजला. २०१९ च्या आत्मचरित्रात त्यानेच आपला जन्म १९७५ चा असल्याचं लिहिलं. अशा प्रकारांमुळे भारतीय क्रिकेट मंडळ २०१२ पासून लहान गटातल्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतं. आपल्या गुरुजींनी हात कानापर्यंत नेऊन पाहिला, मंडळ हाताच्या आत पाहतं. मुद्दा एकच, कागदावर कुणाचा भरवसा नाही.

आपल्याकडे वय चोरलं गेलं नाही. आपल्याकडे ते वाढवलं गेलं. पोर सहाचं पूर्ण दाखवायचं, म्हणजे पाच वर्षं चार-पाच महिन्यांचं लेकरू सहा महिने, आठ महिने मोठं व्हायचं. बहुतेकांना त्याने काही फरक पडला नाही. जिला पडला, तिची गोष्ट आता सांगते. तिचं नाव लिहीत नाही. तिने लिहायची परवानगी दिली आहे, पण नाव नको म्हणाली. तुम्ही तिला ओळखालच.

१९९२ सालचा आपला संघ तालुक्याला पहिला आला. आम्ही नववीत होतो आणि ती आमची हुकमी खेळाडू. पाठलागात खांबावर सूर मारायची तेव्हा मैदानावरची धूळ बसायच्या आत गडी बाद झालेला असायचा. संरक्षणाला उतरली की पूर्ण पाळी काढायची. जिल्ह्याच्या सामन्याला बीडला गेलो. एसटीने, सरांच्या खिशातल्या पैशांनी. तिथे टेबलावर फॉर्म तपासले गेले. १४ वर्षांखालच्या गटाची त्या वर्षीची रेघ १ जानेवारी १९७९ होती. तिच्या फॉर्मवर शाळेची तारीख होती, १ जून १९७८. ती सात महिन्यांनी बाहेर. सर पुष्कळ बोलले. टेबलामागच्या गृहस्थांचं म्हणणं एकच, "कागद दाखवा." कागद तर हाच होता. तिच्या जागी मला उतरवलं. मी दीड मिनिटात बाद झाले आणि आपण चार गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. रडली नाही. वडवणीला गाडी थांबली तेव्हा माझ्या हातावर शेंगा ठेवून म्हणाली, "खा की. तू काय मुद्दाम बाद झालीस का?"

तिच्या आईला मी यंदा मुद्दाम भेटले. म्हातारी आता थकली आहे, पण आठवण लख्ख आहे. म्हणाली, "नामांतराचं पेटलं बग, त्या पावसाळ्यात आमी लई भ्यालो व्हतो. त्याच सालची संक्रांत. भोगीच्या दिशी झाली ही, फडावर. शनवार व्हता. सकाळी भाकरी थापल्या, दुपारी लेकरू." मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तो २७ जुलै १९७८ ला आणि लगेच मराठवाड्यात दंगली पेटल्या. त्यानंतरची पहिली भोगी १३ जानेवारी १९७९. मी संगणकावर वार काढून पाहिला. शनिवार. म्हातारीने ४६ वर्षं कुठल्याही कागदाशिवाय ती तारीख बिनचूक सांभाळली होती, आणि ती रेघेच्या आत होती. बारा दिवसांनी का होईना, आत होती.

त्या एका सामन्यावरून मी एवढं लिहिलं नसतं. आपण तो सामना तिच्यासकट हरलोही असतो. पण तीच तारीख तिच्या आयुष्यात पुन्हा एकदा आली. दहावीनंतर दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. मुलीचं वय १८ पूर्ण हवं, हा कायदा १९७८ पासूनचा, म्हणजे तिच्या जन्माच्या आधीपासूनचा. लग्न जून १९९६ मध्ये झालं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे तिला अठरा पूर्ण होऊन थोडेच दिवस झाले होते. खरं वय सतरा वर्षं आणि पाच महिने. तिला बारावीची परीक्षा पुन्हा द्यायची होती आणि पोलीस भरतीला उभं राहायचं होतं. "सात महिने मिळाले असते तर काय झालं असतं?" असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काय की. पळाले असते." मग हसली. ती मैदानावर पळण्याबद्दल बोलत होती की कशाबद्दल, हे मी विचारलं नाही.

एकाच खोट्या तारखेने तिला आधी मोठी म्हणून मैदानाबाहेर काढलं आणि मग मोठी म्हणून मांडवात उभं केलं. यात खलनायक कुणी नाही. गुरुजींनी तिला शाळेत घेतलं म्हणून ती खेळली. टेबलावरच्या माणसाने नियम पाळला. आई-वडील पोटामागे फिरत होते. तरीही व्हायचं ते नुकसान झालंच, आणि ते तिचं एकटीचं झालं. मी दिवसभर संगणकात रकाने भरते. रकाना रिकामा दिसला की काहीतरी घालून पुढे जायची सवय आमच्या धंद्यातही आहे. तिची गोष्ट कळल्यापासून मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगते, माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा.

आता आनंदाची बातमी. यादी करताना मी शाळेच्या आजच्या खो-खो संघाच्या तारखाही मागून घेतल्या. बारा मुली, बारा तारखा. कुणी मार्चची, कुणी ऑक्टोबरची, एक चक्क २९ फेब्रुवारीची. १ जूनची एकही नाही. या पोरी दवाखान्यात जन्मल्या, त्यांच्या दाखल्यावर तारीख आहे, आणि सरांना आता टेबलासमोर भांडावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा असणार आहे. आपल्यासारखे १ जूनवाले बहुधा आपणच शेवटचे. तरी फडावर अजून लेकरं जन्मतात. आपल्यातले जे ग्रामसेवक आहेत, आरोग्यसेविका आहेत, मुकादम आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: टोळी हलायच्या आत तो दाखला काढून द्या.

स्मरणिकेच्या शेवटी जी यादी छापली आहे तिच्यात म्हणून मी दोन रकाने ठेवले आहेत. एक 'शाळेचा वाढदिवस' आणि दुसरा 'आईचा वाढदिवस'. पहिला सगळ्यांचा भरलेला आहे. दुसऱ्यात सध्या १९ तारखा आहेत. बाकीच्यांनी घरी जाऊन आईला विचारा. आई नसेल तर मावशीला, आत्याला, गावातल्या सुईणीला विचारा. पोळा, पंचमी, दुष्काळ, निवडणूक, धरणाचं पाणी, जे आठवेल ते लिहून पाठवा. तारीख काढून द्यायचं काम माझं. काही कळलंच नाही तर रकाना कोरा ठेवू.

१ जूनला मात्र ग्रुपवर शुभेच्छा जातील, ४३ च्या ४३ जणांना. ती तारीख आता आपलीच झाली आहे. शाळेने ज्या दिवशी आपल्याला आत घेतलं, त्याचा तो वाढदिवस. आणि येत्या १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, सकाळी सात वाजता ग्रुपवर आणखी एक शुभेच्छा जाईल. तेव्हा कुणी विचारू नका की ही कुणाची. बाजरीची भाकरी खा, आणि जमलं तर तिला फोन करा.